बाई मुराळी

४ नोव्हेंबर २०२३

जूननंतर आज उघडते आहे ही वही. कारणं लिहायला बसले तर पान भरेल आणि निम्मी खोटी निघतील. चुकले, एवढंच.

आज लिहायला लावलं मैनेनं. दुपारी शाळेतलं खिचडीचं पातेलं घासता घासता म्हणाली, "बाई, हिरी यंदाबी येत नाय." हिरी तिची धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी मानवतला, परभणीकडे दिली. एकदाही माहेरी आलेली नाही. सासूचा नेम — मुराळी न्यायला आल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. मुराळी म्हणजे भाऊ. या दोघींना भाऊच नाही. चुलतभाऊ सुदाम दर दिवाळीला 'जातो' म्हणतो आणि दर दिवाळीला त्याची भातकापणी निघते.

लग्नाच्या वेळी मीच म्हणाले होते, "राघो चांगला मुलगा आहे, द्या." तेव्हा तो मुरबाडच्या कारखान्यात होता. लग्न होताच गावी शेती बघायला परतला. मुलगा अजूनही चांगलाच आहे. पण साडेतीनशे किलोमीटरचा विचार मी केला नव्हता.

बोलून गेले, "मग आपण जाऊ. माझ्या गाडीवर." रोज मुरबाड ते वैशाखरे, शाळेपर्यंत — एवढीच माझी मजल.

६ नोव्हेंबर

नकाशा पाहिला. शाळेच्या फाटकासमोरचाच रस्ता पुढे माळशेज चढून नगर, पाथर्डी, माजलगाव करत मानवतला जातो. सहा वर्षं आम्ही त्याच रस्त्याच्या कडेला उभ्या होतो!

९ नोव्हेंबर

पीयूसी, विमा, हवा, चेन, दोन हेल्मेटं. यादी तीनदा तपासली.

स्वरूपला सांगितलं. नवऱ्यानं आरडाओरडा केला असता तर थांबायला निमित्त मिळालं असतं. तो म्हणतो कसा, "जा. चकल्या मी बिघडवतो."

हिरीसाठी जाते आहे, की बाईनं मोटरसायकल एवढी लांब नेली असं लोकांनी म्हणावं म्हणून? दोन्ही असेल.

१० नोव्हेंबर, पाथर्डी

घाट चढले! वळणावर समोरून ट्रक, उजवीकडे दरी, आणि मागून मैना — "बाई, डोळं उघडं हायत ना तुजं?"

"तुझे?"

"माजं मिटलंत गो!"

टाकळी ढोकेश्वरला चहा घेतला. मैनेनं बशी खाली ठेवली. "बाई, आपुन दोगी. येताना हिरी बसंल कुठं?"

तीनदा तपासलेली यादी — आणि माणसं मोजलीच नव्हती! तिघी बसून मी गाडी चालवणार नाही. चौथीच्या मुलांना वाहतुकीचे नियम मीच शिकवते. मैना एवढी हसली की चहावाला बाहेर आला. "मी येते यष्टीनं. मुराळी तूच."

११ नोव्हेंबर, मानवत

पोचलो!

हिरी अंगणात होती. धावत आली आणि मैनेच्या हेल्मेटलाच मिठी मारली.

सासू, भागीरथीबाई, दारात. "मुराळी कुटंय?"

"आम्हीच," मी म्हणाले.

"अगं बया! बाईमाणूस मुराळी अस्तंय का कुटं?"

मी रस्ताभर भाषण जुळवत आले होते — हक्क, बदलता काळ, शिक्षण. तोंड उघडायच्या आत मैना म्हणाली, "भाव नाय मला. देवानं दिला नाय, तुमी देता का?"

भागीरथीबाई ओठांत हसल्या. दारातून मात्र हलल्या नाहीत. मग खरं ते बोलल्या — "बोंडं समदी फुटलीत. येचायला माणूस न्हाई. ही गेली तर कापूस झाडावरच लोंबल."

"एवडंच ना?" मैनेनं पदर खोचला. "हिच्या वाट्याचा मी येचते. ही परत येईस्तोवर. न्या हिला, बाई."

माझं भाषण वाया! लाजही वाटली. मी भांडायला आले होते. इथे प्रश्न दोन हातांचा होता. आणि मैनेचं स्वतःचं भात शेतात उभं आहे! तिला बाजूला घेऊन ते म्हणाले.

"मग? हिरीला इळा धरता येतो की. ती माजं कापंल, मी तिचं येचीन. सावड झाली."

बाहेर राघो माझ्या गाडीच्या चेनला तेल घालत होता. कोणी सांगितलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन इथेच. मैनेच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे. दुखतं का विचारलं तर म्हणे, "तुजा खडू बरा!"

१४ नोव्हेंबर

आणलं! आणलं हिला!

माळशेजच्या बोगद्यात हिरीनं अशी आरोळी ठोकली की पुढचा टेम्पोवाला मागे वळून बघायला लागला. घाट उतरल्यावर मात्र एकदम गप्प. घाबरून गाडी थांबवली. ती रडत नव्हती, ओठांत गावं म्हणत होती — सावर्णे, मोरोशी, वैशाखरे... एकही चुकलं तर नाही ना, बघत होती.

मैनेच्या वाडीवर गर्दी. सुदामनं आधी गाडी पाहिली, मग मला. "बाई, तुमी आणली? मी जाणारच व्हतो..."

"सहा वरसं पंचर काढत व्हतास का रे दादा?" हिरी म्हणाली. अख्खी वाडी हसली. सुदामही. मला एवढी मान ताठ करून उभं राहिल्याचं आठवत नाही. गर्व असेल तर असो, आजच्या दिवस!

१५ नोव्हेंबर

भाऊबीज. हिरीनं मला पाटावर बसवून ओवाळलं. नको नको म्हणाले. "मुराळ्याला ओवाळतात, गप बस." ओवाळणीत काय घालू सुचेना. हेल्मेट दिलं.

आज सकाळपासून ती भात कापते आहे. माहेरपणाला आणलं की मजुरीला? न राहवून विचारलंच.

"कापूस उभ्यानं येचायचा, बाई. वाकून कापायला मिळालं, हेच माजं माहेर."

पटलं. थोडं पटायचं बाकी आहे.

१७ नोव्हेंबर

संध्याकाळी मैनेचा फोन. हळू आवाजात — "म्हातारी लाजते गो, म्हणून मी विचारते. तिचं माहेर जिंतूरच्या पुढं. भाव मेला तवापासून न्यायला कोणी आलंच नाय. बावीस वरसं. हिरीला सोडायला येशील तवा हिला नेशील का?"

उद्या: गाडीच्या मागच्या सीटला जाड गादी बसवून घेणे.