पीठ वाढलंय

आई, तू गेल्याला बारा वर्षं झाली आणि आज मी तुझ्यावर चिडले आहे. तुझ्या स्वयंपाकघरातल्या एका शब्दापायी हजारो माणसांचं पीठ भलतीकडे गेलं. हे सांगू कुणाला? क्रॉयडनच्या माझ्या ऑफिसात हा शब्द कळणारं कुणी नाही, आणि ज्यांना कळतो त्या काकूंना फोन करायला मला तोंड नाही.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. 'गरिबांना धान्य पाठवते,' असं तू सगळ्यांना सांगायचीस, ते काही खोटं नव्हतं. यंदा युद्धातून पळालेल्या लोकांच्या दोन छावण्या माझ्याकडे आहेत. पीठ देणारा देश एवढासा, की नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जावा. त्यांच्या सरकारला वर्षातून एकदाच असं काही देणं जमतं, आणि तेही संसदेत अर्धा दिवस वाद घालून. यंदाचं पीठ कुठल्या छावणीला द्यायचं, असं त्यांच्या मंत्रालयातल्या बाईंनी मला विचारलं. साठ्याचा लेखी तक्ता आलेला नव्हता, म्हणून मी काकूंना विचारलं. काकू म्हणजे तुझ्या नॉटिंगहॅमच्या वॉर्डातल्या डॉक्टर काकू. रिटायर झाल्यावर घरी बसायचं सोडून त्या यांतल्याच एका छावणीत मुलं तपासतात. फोनवर म्हणाल्या, "स्टोअरमधलं पीठ वाढलंय गं. तू बघ काय ते." मी पाहिलं. यांच्याकडे पीठ जास्त आहे, सबब दुसऱ्या छावणीला द्यावं, असं फॉर्मवर लिहिलं आणि पाठवून दिलं.

मी नऊ वर्षांची आहे. आपल्या त्या अरुंद किचनमध्ये तू ड्यूटीवरून आलीस ती कोट न काढताच डब्यात डोकावतेस आणि म्हणतेस, "तांदूळ वाढलेत." मी खूश होऊन विचारते, मग आज खीर करायची का? तू इतकी हसतेस की खुर्चीवर बसावं लागतं. पण त्याच वर्षी काकू जेवायला आल्या होत्या त्या दिवशी तू हसली नाहीस. मी पातेलं घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांसमोर भात संपला म्हणाले. तू मला आत नेऊन दंडाला चिमटा काढलास. घरातलं अन्न संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं, नाहीतर ते खरंच संपतं. मी रडले. काकूंनी मला जवळ घेतलं आणि त्यांनीही तेच सांगितलं, जरा गोड आवाजात.

खरंच संपलं, आई. तू सांगितलेलं पाळून, चांगला शब्द वापरूनसुद्धा संपलं. दोन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. आवाज थकलेला होता. आया मुलांना पाण्यात साखर कालवून पाजतायत, आणि काल दोन मुलं गेली, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "तुला सांगितलं होतं ना गं मी?" रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्या देशाच्या बाईंना फोन लावून अक्षरशः हात जोडले, पण पुढच्या वर्षाआधी त्यांना संसदेकडे पुन्हा मागता येत नाही. दुसऱ्या छावणीत त्या पिठाच्या भाकऱ्या भाजून खाल्ल्या जातायत. तीही उपाशीच माणसं, त्यांच्या तोंडातून काढून कसं आणू? दहा ठिकाणी पत्रं लिहिली. सगळ्यांनी वाईट वाटल्याचं कळवलं.

माझा मॅनेजर भला माणूस आहे. म्हणतो, भाषेचा घोळ झाला, यात दोष कुणाचाच नाही. रिपोर्टमध्ये त्याने लाईन खराब होती असंही घातलं, आणि मी ते राहू दिलं. वर इथे तुझ्या शब्दाला बोल लावत बसले आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं तू म्हणाली असतीस.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून लिहिते. लाईन अगदी स्वच्छ होती. काकूंनी तो शब्द उच्चारला तेव्हा माझे हात कीबोर्डवर थांबले होते. म्हणजे संपलं का, एवढंच विचारायचं होतं. पण त्या दर फोनला माझं मराठी दुरुस्त करतात. आदल्याच आठवड्यात मी 'ती ट्रक आली का' म्हटलं, तर किती वेळ हसत होत्या. पुन्हा हसतील, म्हणून मी विचारलं नाही.