गाल माझा, साक्ष तुमची

आबा, परवा वॉर्डात एक गोष्ट घडली आणि तुमच्यावरचा माझा राग, जो कधीच विझला असं मी समजत होते, तो जसाच्या तसा उठून बसला. म्हणून लिहितेय. चांगलं काही लिहायला बसलेले नाही, हे आधीच सांगते. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. तुमच्या मातीच्या दिवशी उदगीरच्या चर्चमध्ये कुणी बोललंही नाही. एकेक जण उठून तुमची नम्रता सांगत होता. गुरुजींनी कधी कुणाला उलट शब्द दिला नाही. गुरुजींचा आवाज कधी चढला नाही. संयम म्हणजे काय ते गुरुजींकडं बघून कळायचं. मी मायच्या शेजारी पहिल्या बाकावर बसले होते. माय पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल, कारण ती तुम्ही पुढं कित्येकांना सांगितलीत. जळकोटकडच्या त्या गावात तुम्ही शाळेवर गुरुजी होता आणि ख्रिस्ती घर आपलं एकट्याचं. आपण कुठल्या देवाची प्रार्थना करतो याच्याशी गावाला घेणंदेणं नव्हतं. आजोबा कुठल्या वस्तीतून निघाले, तेवढं मात्र गाव विसरलं नव्हतं. म्हणून पिठाच्या गिरणीत आपला डबा कायम शेवटी. सगळ्यांचं दळून झालं की आपलं. तुम्हाला हे माहीत होतं. माय जायची तेव्हा ती भिंतीला टेकून गुमान उभी राहायची. त्या दिवशी मायला ताप होता, म्हणून मी गेले.

दुपार आहे. गिरणीचा पट्टा फटफट वाजतोय, सगळीकडं ज्वारीच्या पिठाचा गरम वास. माझ्यामागून आलेल्या बाईचा डबा मालक उचलतो. मी म्हणते, "माझा नंबर हाय." तो माझ्याकडं बघत पण नाही. "तुमचं शेवटाला." मी म्हणते, "का पण? मी आधी आले की." तेव्हा तो वळतो आणि एक चापट ठेवून देतो. हात पिठानं भरलेला. माझ्या गालावर त्याची बोटं पांढरी उमटली असतील, कारण तिथं उभ्या असलेल्या बायांपैकी एक जण हसली. मी डबा तिथंच टाकून पळत घरी आले.

तुम्ही खुर्चीवर बसून वह्या तपासत होता. मी सांगितलं, तुम्ही ऐकलं, टोपी घातली आणि माझा हात धरून निघालात. आबा, ती वाट मला अजून पाठ आहे. मी तुमच्यापुढं दोन पावलं चालत होते. मला वाटत होतं, आता माझा बाप बोलणार. ज्याच्या एका नजरेनं अख्खा वर्ग खाली बसतो, तो माणूस आता गिरणीवाल्याला विचारणार, माझ्या पोरीला हात का लावला म्हणून. तुम्ही गिरणीच्या बाहेर चपला काढल्या. देवळात काढतात तशा. आत जाऊन हात जोडले. "मालक, पोरगी तोंडाळ झालीय. लहान हाय, माफ करा." मग माझ्याकडं बघून म्हणालात, "माफी माग." मी मागितली. मालक खुशीत आला. "तुमच्याकडं बघून सोडलं बघा, गुरुजी," म्हणाला. आणि तुम्ही हसलात. हात जोडलेलेच ठेवून हसलात.

परत येताना मला म्हणालात, "अपमान पोटात घालतो तोच मोठा. प्रभूनं तोंडावर थुंकी झेलली, अन् तुला एक चापट जड झाली?" प्रभूवर लोक थुंकले खरे, पण प्रभूच्या बापानं थुंकणाऱ्याची माफी मागितली नव्हती. हे उत्तर मला सुचायला फार वर्षं लागली. तोपर्यंत तुम्ही नव्हता.

आणि त्या रविवारी उदगीरच्या चर्चमध्ये तुम्ही उपासनेत साक्ष द्यायला उभे राहिलात. सांगितलंत की या आठवड्यात प्रभूनं तुमच्या नम्रतेची परीक्षा घेतली, तुमच्या मनात सुडाची आग उठली, पण तुम्ही स्वतःला आवरलं आणि दुसरा गाल पुढं केला. लोकांनी स्तोत्र म्हटलं. पाळकसाहेबांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. मी बायकांच्या बाजूला बसले होते, माझा पहिला गाल अजून दुखत होता. आबा, गाल माझा होता आणि साक्ष तुमची. दुसरा गाल पुढं करायचा असेल तर माणसानं स्वतःचा करावा. लेकराचा धरून पुढं करायचा नसतो.

आणि घरी? तुमचा आवाज घरीही चढला नाही, हे खरं. भाजीत मीठ कमी पडलं तर तुम्ही ताट हळूच बाजूला सारायचात, उठून हात धुवायचात आणि अबोला धरायचात. मग माय दाराशी उभी राहून विचारायची, "काय चुकलं ते सांगा तरी." तुम्ही पवित्र शास्त्राचं पान उलटायचात. ती रडायची, तुम्ही पान उलटायचात. शेजारच्या घरात नवरा बायकोला शिव्या घालायचा आणि संध्याकाळपर्यंत दोघं एकत्र चहा प्यायचे. मला त्या घराचा हेवा वाटायचा. तुम्ही याला इंद्रियदमन म्हणत होता. बाहेर जे वाकून यायचात, ते सगळं आमच्यासमोर ताठ होऊन बसायचं, आणि आम्ही हूं का चूं करायची सोय नव्हती, कारण तुम्ही तर काहीच केलेलं नसायचं.

आता परवाचं सांगते. मी लातूरला एका खाजगी दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर आहे. माय माझ्याजवळच असते. वॉर्डात एक म्हातारी भरती आहे, तिचा मुलगा भागातला वजनदार माणूस. भेटायची वेळ संपली तरी तो आणि त्याची माणसं कॉटभोवती उभी होती. अर्धापूरकडची एक नवी पोरगी ड्युटीवर होती. तिनं "बाहेर थांबा, बाकीच्या पेशंटला त्रास होऊन राहिला," असं सांगितलं. त्यानं तिच्या तोंडात मारली. सगळ्यांसमोर.

मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तो माणूस तिथं पाय पसरून बसला होता. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, त्या पोरीला सॉरी म्हणायला सांगा आणि विषय संपवा. तुम्ही तर ख्रिश्चन माणसं. तुमच्यात माफ करतातच."

आबा, तुम्ही त्या केबिनमध्ये होता. चपला बाहेर काढून, हात जोडून उभे होता. मला त्या माणसावर ओरडायचं होतं, टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्याच्या तोंडावर फेकायचा होता. मी टेबलाची कड धरली आणि तोंडातल्या तोंडात नाही, नीट ऐकू जाईल असं म्हणाले, "माफ करायचं तिनं, सर. मागायची यांनी. आधी यांना मागू द्या."

"आणि नाही मागितली तर?" तो म्हणाला.

"तर मी तिला घेऊन पोलिस ठाण्यात जाते. आत्ता. याच कपड्यांत."

तो उठून गेला, मग कुणाला तरी फोन झाले, माझी नोकरी राहते की जाते अशी कुजबुज दुपारभर चालली. शेवटी तो वॉर्डात आला आणि पोरीकडं न बघता, भिंतीला सांगावं तसं म्हणाला, "चुकलं." मनापासून नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. ती पोरगी काय म्हणाली असेल? म्हणाली, "मी अजून माफ केलं न्हाई. पण सरका जरा, तुमच्या आईला औषध द्यायचंय." आणि तिनं म्हातारीच्या मानेखाली हात घालून तिला उठवलं, गोळी दिली, ओठावरून ओघळलेलं पाणी आपल्या रुमालानं पुसलं. म्हातारी तिचा हात सोडत नव्हती. गाल अजून लाल होता पोरीचा. मी इतकी वर्षं चर्चमध्ये नम्रतेवर प्रवचनं ऐकली, पण नम्रता डोळ्यांनी पाहिली ती परवा. ती पोरगी चर्चला जात नाही. आणि तिनं कुणासमोर साक्षही दिली नाही.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि एकदम म्हणाली, "तुला ठाऊक हाय का, त्या गिरणीचं पीठ मी पुन्हा घरात आणलं न्हाई." मला आठवलं. त्यानंतर ती पहाटे जात्यावर दळायची. मला वाटायचं, गावात तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून. मी म्हटलं, "आबा काही बोलले नाहीत?"

"बोलले की. म्हणले, लोकांनी विचारलं तर सांग, आमच्या ह्यांना गिरणीचं पीठ पचत न्हाई. नाहीतर लोकांला वाटायचं, गुरुजींच्या मनात राग हाय."

मी हसले, आबा. फार कडू हसले. राग धरायची हिंमत मायची आणि त्यावर पांघरूण तुमच्या पोटदुखीचं. "अन् तुला?" मी विचारलं. "तुला राग नव्हता?"

"होता की गं. म्हणून तर दळत होते," माय म्हणाली आणि भाकरी उलटली.

हे तुम्हाला कळावं असं मला वाटतं, आणि कळणार नाही हेही ठाऊक आहे. उदगीरच्या त्या कबरीवर मी वर्षातून एकदा मायला घेऊन येते, फुलं ती ठेवते, मी फाटकाशी उभी राहते. हा कागदही तिथं आणणार नाही. माय वाचेल, आणि वाचून मला गप्प बस म्हणेल. तुमचं मला काहीच नको आहे, असं मी पुष्कळदा ठरवलं. पण एक गोष्ट आहे, ती कुणाला सांगितली नाही. तुम्ही आत्ता या दारात येऊन उभे राहिलात, तर यातला एक शब्दही माझ्या तोंडून निघणार नाही. मी आधी उठेन आणि तुमच्यासाठी पाणी आणीन.