सोपानरावांचा पिक्चर आणि शालनबाईंची चार मिनिटं

पिंपळे सौदागर, रविवार

तीर्थरूप ज्योतीराममामांस,

सुजितचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? फोन केला की तुम्ही "हां, हां, बरंय" एवढं बोलून तो मामींकडे देता, आणि मामी तो स्पीकरवर टाकून (सगळ्या गल्लीला माझा पगार ऐकू जाईल अशा बेताने) ओट्यावर ठेवतात. म्हणून हे पत्र. चहा घेऊन वाचायला बसा, मजकूर लांब आहे.

चाकणच्या कंपनीत मी पेंट शॉपला तपासणीवर आहे, हे तुम्ही जाणताच. आठ तास ट्यूबलाइटखाली गाडीचे दरवाजे न्याहाळायचे आणि फोड, ओरखडा, चिकटलेला केस दिसला की खूण करायची. ही नजर सुट्टीच्या दिवशीही मिटत नाही. चिंचवडला साप्ताहिक चालवणाऱ्या बबनरावांच्या कानावर ते गेलं आणि गेल्या दिवाळीपासून त्यांनी मला सिनेपरीक्षणाचं सदर दिलं. पण मामा, माझी एक अडचण आहे. दोष मला पटापट दिसतात, आणि त्याच पिक्चरमध्ये एखादी गोष्ट अशी दिसते की मी तोंड उघडं टाकून बघत राहतो. मागच्या महिन्यातल्या ऐतिहासिक पिक्चरात सरदाराची दाढी दुसऱ्या लढाईत डावीकडे सरकली होती. पण मागच्या रांगेतला एक पांढरा घोडा असा काही उभा होता की राज्य त्याचंच वाटावं. त्यानंतरच्या भुताच्या पिक्चरात भुताला बघून थिएटरात शेजारच्या बाईच्या मांडीवरचं तान्हं बाळ हसलं; पण पिक्चरातल्या घराचा जिना वाजायचा, तो आवाज अजून माझ्या पाठीत आहे. मी दोन्ही लिहितो. बबनराव वैतागतात. "अहो, लोकांनी बघावा की न बघावा, एवढं सांगा ना!" (मला खरंच सांगता येत नाही.)

आता मुख्य हकिकत. आमचे घरमालक सोपानराव इथले जुने. त्यांच्या रानावर आता बारा मजली सोसायटी उभी आहे. ते स्वतः तिथेच पाचव्या मजल्यावर राहतात आणि मागची ही तीन मजली इमारत भाड्याने देतात. त्यांनी यंदा पोराला, म्हणजे रणजीतला, हिरो करून पिक्चर काढला. नाव 'वाघ निघाला बांधावर'. हिरोच्या आईचं काम सोपानरावांच्या बायकोनं, शालनबाईंनीच केलं, कारण दुसरी बाई रणजीतला "माझ्या वाघा" म्हणायला लागली की त्याला हसू यायचं. पहिल्या खेळाची दोन तिकिटं सोपानरावांनी स्वतः आणून दिली आणि म्हणाले, "बिनधास्त लिवा. आपल्या घरचंच हाय." हे ऐकून तुमच्या भाचेसुनेनं, विजयश्रीनं, लगेच माळ्यावरून रिकामे खोके काढले. (तिला माझी नजर ठाऊक आहे आणि भाड्याची घरंही.)

पिक्चर, मामा, खडतर होता. रणजीत पळतो तेव्हा बस चुकल्यासारखा पळतो. पहिल्या तासात तो अकरा वेळा गॉगल काढतो. घालताना मात्र एकदाही दिसत नाही. थिएटरात भावकीच्या शिट्ट्या चालू होत्या आणि मी अंधारात वहीवर खुणा करत होतो. मध्यांतरानंतर रणजीत रानात उभा राहून गावकऱ्यांना भाषण देऊ लागला. लांबलचक भाषण. त्याच्या मागे शालनबाई उभ्या. त्यांना संवाद नव्हता, नुसतं बघायचं होतं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या, मग वाकल्या आणि पायाजवळचा एक दगड उचलून बांधावर टाकला. पुढे सरकल्या, दुसरा उचलला. मग तिसरा. पोरगं पुढं गरजतंय, गावकरी मुठी आवळतायत, आणि ही बाई सगळ्यांना विसरून, पदर खोचून दगड वेचतेय. रान शूटिंगपुरतं भाड्यानं घेतलेलं, तळेगावकडच्या कुणाचं तरी! दिग्दर्शकानं कापलं कसं नाही कोण जाणे. चार मिनिटं. शिट्ट्या कधी थांबल्या कळलंच नाही. मी पेन खाली ठेवलं. विजयश्रीनं माझा दंड धरला होता, तो सीन संपला तरी सोडला नाही.

मी सगळं लिहिलं. पळणं लिहिलं, गॉगल लिहिला. आणि शेवटी लिहिलं की एवढी मोठी गोष्ट मी पडद्यावर पाहिली नव्हती, आणि ती करणाऱ्या बाईंना आपण काही करतोय याचा पत्ताही नव्हता.

शनिवारी अंक निघाला. दहाच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली. सोपानराव, हातात अंक, मागे शालनबाई. विजयश्रीनं खोक्यांकडे पाहिलं.

"चष्मा न्हाई आणला," सोपानराव खुर्चीत बसत म्हणाले. "मोठ्यानं वाचा."

मी वाचलं, मामा. पळण्यापाशी थांबलो, तर म्हणाले, "फुडं." गॉगलपाशी पुन्हा थांबलो. "फुडं, फुडं." दगडांच्या भागाला आलो आणि त्यांनी मान खाली घातली. वाचून संपवलं आणि अंक त्यांच्या हातात दिला.

"आमच्या सोसायटीची बाग हाय ना," ते म्हणाले, "तिथं ही रोज सकाळी जाऊन दगडं येचती. वॉचमन तक्रार करतो, मी हिला वरडतो. पंधरा वर्षं वरडतोय." मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "मी पिच्चर पोराचा काढला. त्यो हिचा निघाला, व्हय?"

मी "हो" म्हणालो.

शालनबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, बाई, तुम्ही कमाल केलीत. त्या पदर सावरत म्हणाल्या, "कशाची कमाल? जेवायची सुट्टी झाली आन् बोलावलं मला. त्या रानात अजून लय दगडं राहिल्यात."

मामींना नमस्कार. धाकट्यांना आशीर्वाद.

आपला भाचा,
सुजित

ता. क. : सोपानराव दुसरा पिक्चर काढतायत, त्यात शालनबाई मुख्य. "ज्याला चुका दिसत्यात, त्यानंच लिवावा," म्हणून लेखन माझ्याकडे दिलं. भारावलेल्या अवस्थेत मी होकार देऊन बसलो.

ता. क. २ : त्यात बाईंचा थोरला भाऊ जमिनीवरून भांडायला येतो. त्या कामासाठी मी तुमचं नाव सुचवलं आहे. तुम्ही गावच्या नाटकात वीस वर्षं होतात, असं सांगितलंय. (पडदा ओढायला होतात, हे सांगितलेलं नाही.) पुढच्या शनिवारी या.

ता. क. ३ : खरं सांगायचं तर भांडणाचं एकच पान झालंय, आणि ते वाचून विजयश्रीला झोप लागली. तेव्हा येताना मामींना नक्की आणा. त्या जमिनीच्या वाटणीचा विषय काढून तुमच्याशी नेहमीसारख्या बोलतील, मी वही घेऊन शेजारी बसेन. तुम्हाला तसाही एकच संवाद आहे: "हां, हां, बरंय."