ताईच्या बाह्या

आत्या, नमस्कार.

आम्ही तुझ्याकडे राहायचो तेव्हा ताईचा टॉवेल तू वेगळ्या खिळ्याला टांगायचीस. "अंग घासत नाही, म्हणून काखेत गाठी येतात," म्हणायचीस. ताई रक्त येईस्तोवर घासायची.

ताईला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा त्वचेचा जुनाट दाह आहे. पाळीआधी हार्मोन्स खालीवर झाले की भडकतो. मळाने होत नाही, दुसऱ्याला लागत नाही. मी टॉवेलबद्दल मुद्दाम विचारलं. "त्यानेही नाही," त्या हसल्या.

औषधांनी गाठी बसल्या. काल ताई माझ्या मशीनशी येऊन म्हणाली, "शिंपीबुवा, या ड्रेसच्या बाह्या काढा की." मी टाके जपून उसवले.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, ताईच्याच हाती देतोय. उद्या तोच ड्रेस घालून ती तुझ्याकडे मुक्कामाला येतेय. टॉवेल आणणार नाही. तुझाच घेईल म्हणाली.

तुझा भाचा,
शिंपीबुवा