नवसाचं डोकं

साल्वादोर, २८ जून

तीर्थरूप आईस, निवाल्दोचा साष्टांग नमस्कार. आशीर्वाद दे.

फोन लागत नाही म्हणून घाबरली असशील. आमच्या तुकडीचे फोन चौकशीसाठी जमा करून घेतलेत, म्हणून हे पत्र. संत जुआंवच्या सणाच्या रात्री गस्तीवर असताना वस्तीत आमच्यावर गोळीबार झाला. गाडीच्या दाराला भोक पडलं. आम्हीही गोळ्या झाडल्या. वाग्नेर नावाचा मुलगा मेला, त्याचा चुलतभाऊ क्लेबेर तुरुंगात आहे. मला ओरखडाही नाही. सार्जंट ओतासीलिओ मला सांभाळून घेतात. गावात बोभाटा मात्र करू नकोस.

लोभ आहेच, काळजी तेवढी कमी कर.
तुझा निवाल्दो

नदीकाठाहून, १० ऑगस्ट

चि. निवाल्दोस अनेक आशीर्वाद. देव तुला राखो.

बोभाटा करू नकोस म्हणे! एवढं पोटात ठेवायला मी काय विहीर आहे? तू पोलिसात गेलास त्याच दिवशी मी लापाच्या गुहेतल्या बों जेझूसला नवस बोलले होते, की पोरावरची गोळी चुकली तर त्याचं डोकं लाकडात कोरून वाहीन. देवाचं देणं ठेवू नये. उत्सवाला सगळ्यांबरोबर ट्रकमधून गेले आणि गुहेपर्यंत अनवाणी चालले. सुताराने कान जरा मोठेच केले. मी म्हटलं, असू देत, त्याचे आहेतच तसे.

लोकांनी नवसाला वाहिलेल्या मेणाच्या हातापायांमध्ये तुझं डोकं ठेवलं आणि चिठ्ठी लावली, ‘गोळ्यांच्या वर्षावातून माझा निवाल्दो वाचला.’ पाद्रींनी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. बायका रडल्या. त्या मेलेल्या मुलाच्या आईसाठीही एक मेणबत्ती लावली. कसाही असला तरी तिचाच ना तो.

सुट्टी मिळाली की ये. मासा आणि कसाव्याचं पीठ तुझी वाट बघतंय, आणि मीही.
आई

साल्वादोर, २५ ऑगस्ट

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. आशीर्वाद मागायला जीभ रेटत नाही.

तुझं पत्र वाचल्यापासून ते डोकं डोळ्यांपुढून हलत नाही. आई, आमच्यावर कुणी गोळी झाडलीच नव्हती. कुठेतरी फटाका वाजला, सार्जंट दचकले आणि त्यांनी झाडली. वाग्नेरच्या हातात मक्याच्या कणसांची पिशवी होती. त्याच्याजवळ सापडलं म्हणून दाखवलेलं पिस्तूल नंतर आमच्या गाडीतून आलं. दाराचं भोकही नंतर आम्हीच पाडलं. माझ्या छातीवर कॅमेरा असतो. सार्जंटनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी त्यावर तळहात ठेवला. मी एवढंच केलं, पण त्यातच सगळं आलं.

क्लेबेरने हे पाहिलं, म्हणून गोळी त्यानेच झाडली असं आम्ही लिहून दिलं. पुढच्या महिन्यात कोर्टात माझी साक्ष आहे. सार्जंट म्हणतात, घोकलंय तेवढं बोल आणि घरी जा, नाहीतर आत तुला कोण वाचवणार? वकील म्हणतो, खरं बोललास तर तूही अडकशील. मी काय करू? हवं तेवढं रागव, पण उत्तर दे.

निवाल्दो

नदीकाठाहून, ५ सप्टेंबर

निवाल्दो,

आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरले नाही.

साहेबांना खोटं सांगितलंस, ते तुझं तू निस्तर. पण माझ्या तोंडून देवाला खोटं बोलवलंस! न झाडलेल्या गोळीबद्दल मी अनवाणी जाऊन आभार मानून आले. जिच्या पोराला खरी गोळी लागली तिच्यासाठी मेणबत्ती लावताना स्वतःला मोठ्या मनाची समजत होते. मला माझीच लाज वाटते.

डोकं परत आणायला गेले होते. तिथला राखणदार म्हणाला, वाहिलेलं परत मिळत नाही. चिठ्ठी तेवढी फाडून आणली.

काय करू म्हणून विचारतोस? तुला ठाऊक आहे. तू आत गेलास तर मी कशी जगेन हे मला कळत नाही. तरी सांगते, त्या पोराला सोडव. तो सुटला की लिही, त्याआधी लिहू नकोस.

लोभ तुटत नाही, हीच तर पंचाईत आहे.
आई

साल्वादोर, २ ऑक्टोबर

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.

क्लेबेर सुटला. मी सगळं सांगितलं, तळहातासकट. वाग्नेरची आई कोर्टात होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. सार्जंट जामिनावर घरी आहेत आणि मी आमच्याच छावणीच्या कोठडीत. पहारेकरी सगळे त्यांच्या हाताखालचे. जेवण सरकवतात, बोलत कुणी नाही. काल पाण्याला कसलासा वास आला, म्हणून प्यायलो नाही.

आशीर्वाद द्यावासा वाटला तर दे.
निवाल्दो

नदीकाठाहून, १४ ऑक्टोबर

चि. निवाल्दोस अनेक, अनेक आशीर्वाद. देव तुला राखो, देव तुला राखो.

बाजारात मी विकते ते कसाव्याचं पीठ आता फारसं कुणी घेत नाही. आपल्याच माणसांना बुडवणाऱ्याची आई, असं पाठीमागे म्हणतात. म्हणू देत. मी पुन्हा लापाला गेले आणि मेणवाल्याला एक जीभ करायला सांगितली. तो म्हणाला, हात, पाय, काळीज रोज करतो, जीभ आजवर कुणी मागितली नाही. आजार काय होता म्हणून विचारलं. मी म्हटलं, पोराची वाचा बसली होती, परत आली. ती जीभ तुझ्या डोक्याशेजारी ठेवली आणि चिठ्ठीवर तुझ्या नावाआधी वाग्नेरचं नाव लिहिलं.

दुसरा नवस बोलायचा होता, की तू आपल्या पायांनी घरी यावंस. ओठांपर्यंत आला आणि मी गिळला. सणाच्या रात्री वाग्नेरच्या आईनेही हेच मागितलं असेल. मग मी कोणत्या तोंडाने मागू?

आणखी काय लिहू. पाणी वास घेऊनच पी.
आई