टाकीतला जप

दि. ४ मार्च

ती. स्व. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे ब्लाउज शिवून तयार आहेत. मापं जुनी आहेत, तेव्हा मधल्या काळात गोडाधोडावर ताव मारला असशील तर दोष माझ्या कात्रीला देऊ नकोस.

आता मुद्द्यावर येते, कारण जिवाला घोर लागलाय. जप ओठांवर येता कामा नये, मनातच चालावा, असं तू बाबांना लिहिलंस. तुझा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिलाय? पण आत्या, बाबा तेलगिरणीच्या टाक्या आतून घासतात, हे तू विसरलीस. कमरेला दोर बांधून ते वरच्या तोंडातून आत उतरतात आणि दोराचं दुसरं टोक धरून लंबूकाका बाहेर बसतात. आत मिट्ट काळोख. इतकी वर्षं बाबा आत मोठ्यानं ‘ॐ श्री गुरवे नमः’ म्हणत आले आणि काका तेवढं कान देऊन ऐकायचे. घासणं थांबलं पण जप चालू आहे, म्हणजे बाबा दम खाताहेत. जप अडखळला की काकांनी दोर ओढायचा, असं दोघांचं ठरलेलं. उतरण्याआधी हवा तपासतात, पण गाळ ढवळला की त्यातून वायू सुटतो आणि माणसाला कळायच्या आत भोवळ येते.

आता आत सगळं चिडीचूप. काकांनी काळजीनं दोर हलवला तर बाबा त्यांच्यावरच खेकसले, म्हणाले की ध्यान मोडतं, पुन्हा हलवू नकोस. येत्या सोमवारी सगळ्यात मोठी टाकी आहे. मी विनवण्या केल्या, भांडले, अबोला धरला. अक्कानं सांगितलं तरच तोंड उघडेन, म्हणाले. आत्या, तेवढी एक ओळ लिही.

लोभ आहेच, त्याचा उपयोग आज बाबांसाठी कर.

तुझी,
भिंगरी

दि. ८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांचं ऐकत नाही. ब्लाउज घट्ट झाले तर दोष कात्रीचाच, हे आताच सांगून ठेवते.

तुझं पत्र वाचून राग आला. गुरुमहाराजांनी आम्हा भावंडांना एकाच दिवशी मंत्र दिला, तो काय लंबूला ऐकवायला? मोठ्यानं म्हणणं ही पहिली पायरी, ओठांतल्या ओठांत ही दुसरी, आणि मनातला जप सगळ्यांत वरचा. तुझा बाप पहिल्या पायरीवर ठाण मांडून बसला होता. आता कुठे वर चढतोय, तर तू त्याचा पाय ओढतेस. खूण हवी असेल तर त्यानं डबा वाजवावा, शीळ घालावी. मंत्राला पहाऱ्यावर बसवू नये. ज्यांचं नाव तो घेतो, ते त्याला सांभाळतील. आणि त्याच्या काळजीचं म्हणशील, तर आई गेल्यावर त्याला मीच वाढवलं. काळजी कशी करायची ते मला तू शिकवू नकोस.

ती ओळ मी लिहिणार नाही. रागावलीस तरी पत्र धाडत जा.

तुझी,
आत्या

दि. १४ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न.

बाबा दवाखान्यात आहेत. जिवंत आहेत, हे आधी वाच.

डबा वाजवायचं ठरलं होतं, पण दोन्ही हातांत ब्रश, ते विसरूनच गेले. मग घासणं थांबलं. काकांना वाटलं, दम खात असतील, मनात जप चालला असेल. दोर हलवल्याबद्दल बोलणी खाल्ली होती, म्हणून ते गप्प बसले. शेवटी राहवेना तेव्हा त्यांनी ओढलं, तर दोर जड लागला. चौघांनी मिळून बाबांना बाहेर काढलं. ओठ निळे पडले होते.

आज ते पहिल्यांदा बोलले. आवाज पार खोल गेलाय. भोवळ येतेय, आता मोठ्यानं म्हणायला हवं, हे त्यांना कळलं होतं. पण अक्काला शब्द दिलाय म्हणून ते थांबले. मग म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटला नाही. आता त्यांना एकच काळजी लागली आहे, की तोंड उघडलं म्हणजे अक्काचा शब्द मोडला का? सारखं तेच विचारतात. मी काय सांगू? मला तुझा भयंकर राग आलाय, आणि तूच इथे हवीस असंही वाटतंय.

भिंगरी

दि. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भिंगरी, हे पत्र त्याला खणखणीत आवाजात वाचून दाखव.

धाकट्या, मी उद्या निघते आहे. तुझी बातमी आल्यापासून मला मनातला जप जमत नाही. जरा शांत झालं की वाटतं, तू आत आहेस आणि मला काही ऐकू येत नाही. मी फार घाबरले रे. काल दार सताड उघडं टाकून मोठमोठ्यानं म्हणायला लागले. मला काहीतरी झालं असं वाटून शेजारीण धावत आली. तिला म्हटलं, झालंच आहे.

महाराजांनी आपल्याला एवढंच सांगितलं होतं, की म्हणत राहा. पायऱ्या मी पुस्तकात वाचल्या आणि तुझ्यावर लादल्या. आता टाकीत उतरू नकोस. पोटासाठी उतरावंच लागलं तर गिरणीच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल असं म्हण. लंबूला माझा नमस्कार सांग.

तू विचारलंस, माझा शब्द मोडला का. मोडलास. पण बाळा, मोडायला इतका उशीर का केलास?

लोभ असू दे, रागही असू दे.

तुझी,
अक्का