सखूच्या वाटणीचा भात

मी, सगुणा राघो भोईर, वय सहासष्टच्या आसपास (आमच्या घरात जन्माची नोंद फक्त मुलग्यांची करत), निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार खडवली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. कोणाचाही दाब नाही. दाब टाकायला धाकटा भाऊ गोपीनाथ येऊन गेला, त्याला चहा पाजून परत पाठवला. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "म्हातारीचं डोकं फिरलं होतं" असं तो म्हणणार, मी त्याला ओळखून आहे.

१. खडवलीची नदीकाठची भातजमीन. ही बापाची नव्हे. आई ठमाबाई ती कुळ म्हणून कसत होती, सत्तावन्न साली कुळकायद्याने तिच्या नावावर झाली आणि मरण्याआधी तिने ती एकट्या मला दिली. का दिली ते ती बोलली नाही. मला ठाऊक होतं, म्हणून मीही विचारलं नाही. गोपीनाथला ती बिल्डरच्या घशात घालायची आहे. ती त्याला मिळणार नाही. ही जमीन मी त्याची मुलगी शीला हिला देते. कारण लिहिणं भाग आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी सरकारने कल्याणजवळचं आमचं शेत लष्कराच्या छावणीसाठी घेतलं. लढाई संपली की परत मिळेल असं कोणीतरी बापाला सांगितलं आणि त्याचा विश्वास बसला. आम्ही आईच्या माहेरी, इथे खडवलीला आलो, तेव्हा बैलगाडीत भांड्यांच्या आधी बियाण्याची कणगी चढली. शेणाने लिंपून बंद केलेली ती बांबूची कणगी भाताने भरलेली, आणि आम्ही तिच्या शेजारी बसून रेशनचा किडका गहू खायचो. भात खाणारी माणसं आम्ही, पण तेव्हा कसायला जमीन नव्हती. आई गहू भातासारखाच शिजवायची, चावून चावून गाल दुखायचे. शेजारी म्हणायचे, "राघो, जुनं बी उगवत नाय रे." बाप म्हणायचा, "माझं उगवंल."

धाकटी बहीण सखू त्या गव्हाने आजारी पडली. पोटात काही ठरेना. वैद्याने तांदळाची पेज द्यायला सांगितली. आईने बापापुढे पदर पसरला. "बियाणं हाय ते. हात नाय लावायचा," एवढंच तो बोलला. सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा लागला, आम्हाला चमचा चमचा साखर वाटली. मी ती सखूसाठी मुठीत धरून आणली, वाटेत घामाने विरघळली. तिने माझा तळवा चाटला. मग म्हणाली, "ताय, आपल्याकडं भात शिजतोय गो."

खरंच शिजत होता. चुलीमागे गोपीनाथ जेवत होता, मऊ भात आणि वर मीठ. कणगीच्या बुडाशी शेणाचा ओला, ताजा लेप होता. भोक बापाने पाडलं, शिजवलं आईने. मी ओरडले तर आई म्हणाली, "गप गो. वंशाला एकच हाय तो." सखू श्रावण संपायच्या आत गेली. पुढे त्या छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहिली. त्यांना मी कधी बोल लावला नाही, त्यांचीही घरंदारं गेली होती. बाप एकदा जाऊन बघून आला, शेत आता परत मिळत नाही हे त्याला कळलं आणि त्याने कणगी फोडली. आत भुसा आणि किडे.

गोपीनाथ तेव्हा पोर होता. त्या भाताचा दोष मी त्याला देत नाही. पण आज हा समाजाच्या सभेत माईक धरून सांगतो, "आमच्या वडिलांनी पोटाला चिमटा काढून बियाणं राखलं, दाणा मोडला नाही." टाळ्या पडतात. मी खरं सांगितलं तर म्हणाला, "जाऊ दे ना ताई, जुनं कशाला उकरून काढतेस?" सखूचं नाव त्याच्या भाषणात एकदाही येत नाही. याची मला चीड आहे आणि ती मी सोबत घेऊन जाणार आहे.

२. फोडलेली कणगी आईने काथ्याने बांधून माळ्यावर ठेवली होती. ती गोपीनाथला. बाबा रे, बुडाशी हात फिरव, लिंपण लागेल. पुढच्या सभेला जाताना सोबत घेऊन जा.

३. बँकेतली शिल्लक आणि घरातली सर्व भांडी शेजारीण कलावती हिला. आजारपणात तिने मला मऊ भात करून वाढला, न मागता.

४. शीला, आमच्यात मुलींकडून भावासाठी हक्कसोड लिहून घेतात, हे तुला ठाऊक आहे. तुझा बाप तुझ्याकडे तसा कागद घेऊन येईल. साडी नेसवेल, रडेलसुद्धा. सही करू नकोस. साडी मात्र ठेवून घे.

५. माझ्या बाराव्याला गोडधोड करू नये. याच जमिनीच्या तांदळाचा मऊ भात आणि मीठ. आधी मुलींची पंगत बसेल. पहिलं पान सखूचं. ते गोपीनाथच्या पुढ्यात मांडावं आणि मुली जेवून उठेपर्यंत त्याने तिथून हलू नये. त्याचा हात भाताकडे गेलाच, तर शीलाने त्याला त्याच्या बापाचे शब्द ऐकवावेत: "बियाणं हाय ते. हात नाय लावायचा."

ठिकाण: खडवली
तारीख: १५ ऑगस्ट २००२

सही: सगुणा राघो भोईर

सगुणाबाईंनी आम्हा दोघांच्या समोर सही केली.

साक्षीदार:
काळुराम गणा म्हात्रे, खडवली
रतन तानाजी जाधव, डोंबिवली